पऱ्हाटीवरचं औषध

१ सप्टेंबर १९८३, गुरुवार. रोहणा

अळी पडली.

सकाळी मधल्या वावरात गेले तर पऱ्हाटीखाली कापसाच्या कोवळ्या कळ्या, पात्या, गळून पडलेल्या. एक उचलली, नखानं फोडली. आत हिरवी, गुबगुबीत अळी, माहेरपणाला आल्यासारखी आरामात बसलेली. दुसरी फोडली, तिच्यातही तेच. चंद्रभान मागे उभा होता. आमचा सालदार, वर्षाच्या करारावरचा गडी, माझं लग्न व्हायच्या आधीपासून या घरात आहे. म्हणाला, "बाई, मागच्या सालासारखंच होते आता."

मी म्हटलं, "यंदा नाई होऊ देत."

मागच्या साली मामाजींनी फवारू दिलं नाही. सासरे माझे, घरातले थोर, आणि मंदिरात रोज जाणारे. मी गप्प बसले. बोंडं किडली, कापूस पिवळा पडला, वेचणाऱ्या बायासुद्धा नाक मुरडत होत्या. गप्प बसून काय होतं ते एकदा पाहिलं, पुरे.

यंदा फवारणार. ठरलं.

३ सप्टेंबर

श्रीधर आला. तोंडानं मी यांचं नाव घेत नाही, पण वहीत कोण अडवतं? वर्ध्याला ऑफिसात कारकून, नालवाडीला खोली, शनिवारी संध्याकाळच्या बसनं येणं आणि सोमवारी पहाटे जाणं. गेली तीन वर्षं असंच चाललं आहे. मामाजींचे गुडघे गेले तेव्हापासून वावर मी पाहते. आधी सगळे हसले. आता विचारायला येतात — तुमच्याकडे तूर कोणती पेरली म्हणून.

जेवताना अळीचं सांगितलं. तो जणू वाटच पाहत होता.

"हे बघ सुमती, यंदाही गेलं तर आपण वावर विकायचं. अण्णाजी घ्यायला बसलेच आहेत. नालवाडीत प्लॉट निघाले आहेत. घराला नळ येईल, तुला आराम."

अण्णाजी आमच्याच समाजातले, मंदिराच्या पंचांत आहेत. त्यांचा धुरा, म्हणजे बांध, आमच्या धुऱ्याला लागून. दर वर्षी एकदा तरी विचारतात.

"अन् पीक आलं तर?"

"आलं तर नाही विकायचं."

"नक्की?"

"अगं हो, नक्की," असं म्हणून हसला. लहान मुलीला कबूल केल्यासारखं हसला.

नालवाडी मी पाहिली आहे. दोन खोल्या, समोर दोन खोल्या, दुपारी बाया स्वेटर विणत बसतात. वाईट काही नाही. पण मी तिथे काय करू? इथे धुऱ्यावर उभी राहिले की नजर पोचते तिथपर्यंत माझं काम पसरलेलं असतं. मला ते आवडतं. सरळ गोष्ट आहे.

५ सप्टेंबर

आज मामाजींशी बोलले.

हे घर जैन, माझं माहेर हिंदू. जात एकच. आमच्या वाण्यांत अशी दोन्ही घरं आहेत आणि सोयरिकीत कोणी त्याचं काही मानत नाही. वडनेरला आमच्याकडे गणपती बसतो, इथे मंदिरात पार्श्वनाथ. लग्न ठरताना मामाजींनी विचारलं होतं, कांदा-लसूण सोडशील का? सोडला. दिवस मावळल्यावर जेवण नाही, चालेल का? चालेल म्हटलं. वावरात औषध मारशील का, हे मात्र कोणी विचारलंच नाही! वडनेरला माझे वडील मारतात, काका मारतात. तिथे तो प्रश्नच नसतो.

मामाजी पाणी गाळून पितात. अंगणातल्या मुंग्या मऊ कुंच्यानं बाजूला करतात आणि मगच खाट टाकतात. हाच माणूस चाळीस वर्षं शेती करत आला. त्यांच्या काळात देशी कापूस होता, त्याला एवढी कीड नसे. आता बियाणं हायब्रीड. बोंड मोठं तशी अळीही मोठी. हे त्यांनाही समजतं.

ओसरीवर बसले होते. मी खाली बसले.

"मामाजी, अळी पडली."

"पाह्यली म्या."

"औषध मारा लागते."

काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "दशलक्षण येऊन राह्यलं."

दहा दिवसांचं त्यांचं मोठं पर्व. एकदाच जेवण, बाकी मंदिर.

"म्हणूनच त्याच्या आधी मारू."

"मी हो म्हणणार नाई बेटा. अन् नाई बी म्हणणार नाई. मागच्या साली नाई म्हटलं, त घराचं नुकसान झालं. यंदा माह्या तोंडून काईच निंघणार नाई."

"मग मी काय समजू?"

"तुले समजते ते समज." उठता उठता थांबले. "फक्त एक ध्यानात ठेवजो. स्वतः मारणं, दुसऱ्याच्या हातून मारवणं, अन् मारलं ते बरं झालं म्हणणं — तिन्ही सारखेच. त्यात कमीजास्त नाई."

रागावले असते तर मी भांडले असते. रागावलेच नाहीत.

६ सप्टेंबर. पोळा

बैल सजवले. शकुबाईनं — चंद्रभानच्या बायकोनं — आमच्या जोडीला असे गोंडे बांधले की अख्खा गाव पाहत होता. अळीचं आज कोणी बोललं नाही.

९ सप्टेंबर

पहिली फवारणी झाली.

काल आर्वीला जाऊन औषध आणलं. दुकानदारानं विचारलं, "घरी माणूस नाही का कोणी?" म्हटलं, मीच माणूस आहे, डबा द्या. त्यानं दिला. डब्यावरचं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या उलट जाऊ नका, हात धुतल्याशिवाय खाऊ-पिऊ नका. घरी येऊन चंद्रभानला वाचून दाखवलं.

"हाव, हाव," म्हणाला. "दुसऱ्याच्या वावरात मारलं नं म्या. काई होत नाई."

मी बादलीत मिसळून देत होते, तो पाठीवर पंप घेऊन मारत होता. वास असा की डोक्यात बसतो. दुपारी पऱ्हाटीखाली पाहिलं, मेलेल्या अळ्या पडल्या होत्या. खूप. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला लिहू? बरं वाटलं.

मग मामाजींचं आठवलं, बरं वाटणं हेही त्यात धरलेलं आहे. म्हणजे माझ्या बाजूनं दोन तरी झाले. मिसळलं ते आणि बरं वाटलं ते.

मामाजी दिवसभर मंदिरात होते. संध्याकाळी आले, जेवले, "भाकर बरी झाली" म्हणाले. औषधाबद्दल अक्षर नाही.

१० सप्टेंबर. गणेश चतुर्थी

गणपती बसवला. मूर्ती दर वर्षी मामाजीच आणतात. मी या घरात आले त्या पहिल्या भाद्रपदात न सांगता आर्वीहून घेऊन आले होते, "पोरीचा देव घरी पाह्यजे" म्हणून. आज चौरंग त्यांनीच मांडला. मग आंघोळ करून आपल्या मंदिरात गेले. उद्यापासून त्यांचं दशलक्षण.

श्रीधरनं आरती म्हटली. बेसूर. मोदक मात्र पोटभर खाल्ले.

१४ सप्टेंबर

दोन दिवस पाऊस. औषध धुऊन गेलं असणार. आज ऊन पडलं आणि पुन्हा अळी. आधीपेक्षा कमी आहे, पण आहे.

दशलक्षणात मारायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. पण दहा दिवस थांबले तर राहील काय?

दुपारी देवकाबाई आल्या. मामाजींची बहीण, गावातच राहतात. मंदिरातल्या बाया यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

"सुमती, तू दशलक्षणात बी औषध मारणार म्हणते?"

"मारा लागल, आत्याबाई."

"अव, मारू नको म्हणत नाई मी. पण अण्णाजीचं पाह्य नं. वावर बटईनं देते, अर्ध्या वाट्यावर. मारायचं ते बटईदार मारते. अण्णाजीच्या अंगाले काईच लागत नाई, अन् पीक बी घरी येते. नरहरदादाले, तुह्या सासऱ्याले, सांग, तुमी बी तसंच करा. चंद्रभानले बटईनं देऊन टाका."

"मग चंद्रभानच्या अंगाले लागते ते?"

"त्याचा धर्म अलग आहे नं बाप्पा," असं सहज म्हणाल्या. चहा पिऊन गेल्या.

बाई वाईट नाहीत. मला टायफॉइड झाला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसल्या होत्या. पण आजचं बोलणं माझ्या मनातून जाईना. पाप नको म्हणून चंद्रभानच्या पाठीवर द्यायचं. आणि मीसुद्धा तेच केलं की! पंप त्याच्या पाठीवर, बादली माझ्या हातात, आणि वावर आमचं.

मी आणि अण्णाजी एकाच माळेचे मणी, हे मला चालणार नाही.

१६ सप्टेंबर

आज पंप मी घेतला.

साडी नेसून जमणार नव्हतं. श्रीधरची जुनी पॅन्ट, त्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला फडकं. शकुबाई पाहून बसलीच खाली, हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बाई, तुमी त दरोडेखोर दिसून राह्यल्या."

"हसणं झालं की पट्टा आवळून दे."

भरलेला पंप पाठीवर आला आणि गुडघे लचकले. चंद्रभान म्हणाला, "ठेवा बाई, मी मारतो." ठेवला नाही. एका हातानं दांडा हलवायचा, दुसऱ्या हातानं नळी फिरवायची आणि ओळीतून चालायचं. पहिल्या ओळीत जमलं नाही, दुसरीत जमलं. दुपारपर्यंत विहिरीकडचा तुकडा पूर्ण केला. मधला चंद्रभाननं केला, मी नको म्हणत असताना; नाल्याकडचा राहिला. त्याला मी तोंडाला फडकं बांधायला लावलं. माझी पाठ वळली की तो ते सोडतो, मला माहीत आहे.

आता खांदे सोलून निघाले आहेत. पण उद्या पुन्हा पंप द्या, मारते. जमतं मला.

गावात पोचलंच. वाण्याची सून पॅन्ट घालून वावरात फिरते. फिरते, खरं आहे.

मामाजींनी संध्याकाळी माझे हात पाहिले. खोबरेल तेलाची बाटली आणून शेजारी ठेवली आणि गेले.

१८ सप्टेंबर

श्रीधरनं खांदे पाहिले. आधी रागावला, "लोक काय म्हणतील, सालदार ठेवलाय कशाला?" नंतर आपली पॅन्ट पाहून हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "एवढं सगळं तू त्या वावरासाठी करतेस?"

म्हटलं, "हो."

त्याला काय वाटलं कळलं नाही. पॅन्टची घडी घालून माझ्याजवळ ठेवली.

२१ सप्टेंबर. अनंत चतुर्दशी

चंद्रभानला आर्वीला नेलं. दवाखान्यातल्या चिठोऱ्यावर एवढंच, आज लिहवत नाही.

२२ सप्टेंबर

दुपारी आर्वीहून आले. तो जगला आहे. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

काल गणपतीचं विसर्जन, घरी नैवेद्याचा स्वयंपाक. नाल्याकडचा तुकडा फवारायचा राहिला होता. चंद्रभान सकाळी म्हणाला, "एवढंच हाये, मी मारून येतो, तुमी पुरणाचं पाहा." मी हो म्हटलं. पुरण शिजत होतं म्हणून हो म्हटलं.

ऊन फार होतं. त्यानं शर्ट काढून ठेवला. वारा फिरला तरी थांबला नाही. मध्येच त्याच हातानं तंबाखू मळून तोंडात टाकली. हे सगळं शकुबाईनं नंतर सांगितलं, ती पलीकडच्या ओळीत तण निंदत होती.

ती धावत अंगणात आली. "बाई, याले काई तरी झालं." मी धावले. मागून मामाजी आले. ज्यांना ओसरीची पायरी उतरायला काठी लागते ते वावरापर्यंत आले. काल त्यांचा निर्जळी उपास होता. आदल्या दिवसापासून घोटभर पाणी नाही.

चंद्रभान पाण्यासाठी विहिरीपर्यंत आला आणि तिथेच पडला होता. तोंडातून लाळ, उलटी, अंग घामानं निथळलेलं. डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. हाक मारली तर ओठ नुसते थरथरले.

डब्यावर वाचलं होतं ते सगळं आठवलं. "अंग धुवा लागते, साबणानं," म्हटलं. मामाजींनी रहाटाचा दोर धरला. बादलीमागून बादली ओढली, स्वतः त्याच्या अंगावर ओतली, स्वतः साबण लावला, पाठ, मान, केस, नखांच्या खाली. न गाळलेलं पाणी. आयुष्यात या माणसानं न गाळलेल्या पाण्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता. शकुबाईच रडत म्हणाली, "मालक, पाणी गाळलं नाई तुमी." "वेळ नाई," एवढंच म्हणाले.

त्याला बंडीत घातलं. मामाजींनी बैल हाकले, मी त्याचं डोकं एका अंगावर धरून बसले, उलटी घशात जाऊ नये म्हणून. सडकेवर आलो तर बस निघून गेली होती. आर्वी बंडीनं गाठायची म्हणजे संध्याकाळ. तेवढ्यात लांबून ट्रक येताना दिसला. मामाजी बंडीतून उतरले आणि सडकेच्या मधोमध जाऊन उभे राहिले. दोन्ही हात पसरून. ट्रकवाल्यानं हॉर्नवर हॉर्न दिले. हलले नाहीत. ट्रक त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरला, बंडीत पाहिलं आणि स्वतःच चंद्रभानला उचललं.

दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. थोड्या थोड्या वेळानं एकेक, डोळे पाहून. तोंड कोरडं पडेपर्यंत देत राहायचं, म्हणाले. मला विचारलं, "कोणतं औषध होतं?" मी नाव सांगितलं. "अंग कोणी धुतलं?" मी मामाजींकडे पाहिलं. ते बाकावर भिंतीला टेकून बसले होते, ओठ पांढरे पडलेले. डॉक्टर म्हणाले, "ते केलं म्हणून इथवर पोचला."

मी मामाजींना पाणी नेऊन दिलं. "उद्या सकाळी," म्हणाले.

आज उजाडल्यावर चंद्रभान बोलला. पहिलं काय म्हणाला? "पंप विहिरीपाशीच राह्यला." शकुबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

गणपतीचं विसर्जन राहूनच गेलं. आज संध्याकाळी मी एकटीनं नाल्यात केलं.

२३ सप्टेंबर. क्षमावणी

दशलक्षणानंतर यांच्याकडे सगळे एकमेकांची क्षमा मागतात. वर्षभरात बोलण्यानं, वागण्यानं दुखावलं असेल तर. मंदिरात हात जोडायचे, "उत्तम क्षमा" म्हणायचं, सगळे म्हणतात. अण्णाजीसुद्धा मला म्हणाले. मीही म्हटलं.

मामाजी आज मंदिरात थोडाच वेळ थांबले. मग आर्वीला जायला निघाले, मी सोबत गेले. दवाखान्यात चंद्रभान उठून बसला होता, पेज पीत होता. मामाजींनी काठी भिंतीला टेकवली आणि हात जोडले.

चंद्रभान घाबरला. "मालक, हे काऊन? माहीच चुकी हाये. बाईनं वाचून सांगतलं होतं मले."

"वावर माह्यं हाये."

"पण तुमी त मारा बी नाई म्हटलं."

"मारू नको बी नाई म्हटलं नं म्या," मामाजी म्हणाले. "चूप बसलो. चूप बसलो की सुटलो असं वाटलं."

मग मी हात जोडले. शकुबाईच म्हणाली, "बसा बाई, उभ्या नोका राहू."

२८ सप्टेंबर

चंद्रभान घरी आला. वाळला आहे, हात थोडे कापतात. डॉक्टरांनी महिनाभर काम नको म्हटलं आहे. साल पूर्ण धरलं जाईल, धान्य नेहमीसारखं जाईल, हे मी त्याला आल्या आल्या सांगितलं. आणि पंपाला तो पुन्हा हात लावणार नाही हेही सांगितलं. या वावरात पंप माझ्याशिवाय कोणाच्याही पाठीवर जाणार नाही.

वावर सोडायचं का, असा विचार एक दिवस आला होता. एकच दिवस. सोडलं तर अण्णाजी घेतील, बटईनं देतील, आणि चंद्रभानच्या जागी दुसरा कोणीतरी पडेल. त्यापेक्षा माझ्या हातात बरं.

४ ऑक्टोबर

शेवटची फवारणी. एकटीनं. पहाटे वारा नसताना सुरुवात, ऊन चढायच्या आत बंद. तीन सकाळी लागल्या. लागू द्या. शकुबाई धुऱ्यावर उभी राहून वारा पाहत होती. तिकडून ओरडायची, "फिरला, फिरला!" मी थांबायचे.

कोणी हसलं नाही आता.

१६ ऑक्टोबर. दसरा

बोंडं भरली. खालच्या फांद्यांवर फुटायला लागली आहेत. मामाजींना बंडीत बसवून वावरात नेलं. धुऱ्यावरून पाहिलं त्यांनी. एक बोंड हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. फोडून आत मात्र पाहिलं नाही.

३० ऑक्टोबर

पहिली वेचणी. पांढराशुभ्र कापूस, किडकी कवडी नाही, डाग नाही. वेचणाऱ्या बाया गाणी म्हणत होत्या. शकुबाईनं पहिल्या ओंजळीची पूजा केली, मी नारळ फोडला. गावातले तिघेजण येऊन विचारून गेले, औषध कोणतं, कधी मारलं. मी औषध सांगितलं, आणि ते कसं मारायचं हे जास्त वेळ सांगितलं. एक जण कंटाळून निघून गेला. त्याला हाक मारून परत बोलावलं.

ओसरीपासून मागच्या भिंतीपर्यंत कापूस. आमच्या घरात एवढा कापूस मी आल्यापासून आला नव्हता. मी जिंकले आहे, असं लिहायला हरकत नाही.

६ नोव्हेंबर. दिवाळी झाली

पाडव्याच्या निमित्तानं अण्णाजी आले होते. फराळ झाला. मग श्रीधरला घेऊन ओसरीवर बसले. मी आत होते, ऐकू येत होतं.

"पीक चांगलं हाये, तवाच विकायचं असते श्रीधर. पडलेल्या वावराले कोण विचारते?"

श्रीधर "पाहू" म्हणाला. नाही म्हणाला नाही.

ते गेल्यावर विचारलं, "पीक आलं तर विकायचं नाही, असं ठरलं होतं नं?"

"ठरलं होतं. पण सुमती, चंद्रभानचं पाहिलंस ना? उद्या तुलाच काही झालं तर? मी वर्ध्याला असतो. मला तिथे काम सुचत नाही."

हे मला नवीन होतं. मला वाटत होतं त्याला फक्त नळ आणि प्लॉट दिसतो. तरीही म्हटलं, "नाही विकायचं."

"वावर बाबांच्या नावावर आहे. आज ना उद्या माझ्याकडे येईल. तेव्हा ठरवू."

म्हणजे त्यानं ठरवलं आहे. फक्त मला सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर

दुसरी वेचणी उरकली. श्रीधर आला तो नालवाडीच्या प्लॉटचा नकाशा घेऊनच. मामाजींसमोर पसरला. मामाजींनी पाहिला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, "सोमवारची सुट्टी घे. काम हाये."

कसलं काम ते सांगितलं नाही. मी भांडायला तयार आहे. काय काय बोलायचं ते मनाशी पक्कं केलं आहे.

२१ नोव्हेंबर, सोमवार

भांडावं लागलं नाही.

सकाळी आम्हा दोघांना बसवून मामाजींनी सांगितलं, वावर ते माझ्या नावावर करणार. बक्षीसपत्र. श्रीधरच्या नाही, माझ्या. "याच्या नावानं केलं त अण्णाजीकडे जाईल," म्हणाले. श्रीधरचा चेहरा उतरला. उठून अंगणात गेला.

मी म्हटलं, "मामाजी, पुढच्या साली अळी पडली त मी पुन्हा मारीन. हे समजूनच देऊन राह्यले नं?"

"समजूनच देतो. वावर माह्यं होतं, तोवर तू माह्यासाठी मारत होती. चंद्रभान बी माह्यासाठीच पडला. आता जे होईल ते तुह्यं, बेटा. पीक बी, अन् बाकी बी."

आवाजात राग नव्हता. मायाच होती.

घेणाऱ्यालाही सही करावी लागते म्हणे. उद्या आर्वीला जायचं आहे. येतेस नं, असं त्यांनी विचारलं. सही केली की वावराबरोबर ते 'बाकी'ही माझ्याच नावावर येणार. पाणी पिऊन आले. मग म्हटलं.

हो म्हटलं.